आठवीचं छत

शाळेला पन्नास वर्षं झाली तेव्हा गुळगुळीत कागदाचं एक जाड पुस्तक निघालं. पहिल्या पानावर बिशपसाहेबांचा आशीर्वाद, मग आजवरच्या मुख्याध्यापिकांचे फोटो, मग निकालांचे तक्ते, आणि मध्येच कुठेतरी अर्ध्या पानात शाळेचा इतिहास. त्यात एक वाक्य आहे : ‘काही अडचणींमुळे आठवीचा वर्ग एक वर्ष उशिरा सुरू झाला.’ लिहिणारा हे लिहून पुढे गेला, त्याचं काय जातं! अडचण म्हणजे जणू सर्दी-पडसं, आलं नि गेलं. ती अडचण काय होती, हे एका गवंड्याला विचारायला हवं होतं. पण गवंड्याला विचारतो कोण? भिंत पडली तरच लोकांना गवंडी आठवतो.

त्याला सगळे ओळंबा म्हणत. भिंत सरळ आहे की नाही हे बघायची, टोकाला शिशाचा गोळा बांधलेली ती दोरी त्याच्या खिशात कायम असायची. एखाद्या आजाऱ्याला भेटायला गेला तरी आधी उशाशी असलेल्या भिंतीला दोरी लावायचा, ‘अर्धा इंच बाहेर आहे’ असं जाहीर करायचा, आणि मग विचारायचा, ‘आता कसं वाटतंय?’ बोलणंही तसंच. तोंडदेखलं बोलणं त्याला जन्मात जमलं नाही. त्यामुळे त्याची कामं जायची, पण ज्याला घर पिढ्यान्‌पिढ्या टिकवायचं असेल तो फिरून त्याच्याकडेच यायचा. लिहिता-वाचता मात्र त्याला एक अक्षर येत नव्हतं. मापं बोटांवर, हिशेब डोक्यात, आणि सही म्हणजे अंगठा.

तो पंचविशीत होता तेव्हा फादरांनी त्याला बोलावलं. चर्चच्या मागच्या पडवीत चौदा मुली जमिनीवर बसून शिकत होत्या आणि वरून पत्रा तापत होता. फादर म्हणाले, ‘तीन खोल्या हव्यात.’ ओळंब्याने तीन खोल्या बांधल्या. मग तीन सिस्टर आल्या आणि शाळेने खरा जीव धरला. वर्षाआड एक खोली, कधी वर्षाला एक. चौथी झाली, पाचवी झाली, सातवी झाली. आणि तिथे शाळा थांबली. पुढचं शिकायचं तर दोन तास बसने जायचं, आणि ती शाळाही मुलग्यांची. सातवीनंतर मुलींनी शिकू नये असं कोणी ठरवलं नव्हतं, ते त्या रस्त्यानेच ठरवून टाकलं होतं.

ओळंब्याला एकुलती एक मुलगी होती. अंगाने बारीक आणि बोलायला टोकदार, म्हणून तिला टाचणी म्हणत. ती ज्या वर्गात जायची ती खोली तिच्या बापाने वर्षा-दोन वर्षांपूर्वी बांधलेली असायची. मुलगी पुढे आणि बाप तिच्याही पुढे, असं सात वर्षं चाललं. कुठल्या खिडकीशी वारा येतो, कुठल्या कोपऱ्यात ओल धरते, हे त्याला माहीत, म्हणून वर्ष सुरू होताना तो तिला सांगायचा, ‘दुसऱ्या खिडकीपाशी बस.’ ती तिथेच बसायची आणि पहिल्या तिनात यायची.

ती सातवीत गेली तेव्हा मोठ्या सिस्टरांनी त्याला ऑफिसात बोलावलं. मोठ्या सिस्टर म्हणजे मुख्याध्यापिका. लांबच्या देशातून आलेल्या, उंच, चष्म्याआडून थेट बघणाऱ्या. ‘शिक्षणखाते म्हणते, पक्का खोली दाखवा, मग आठवी देऊ,’ त्या म्हणाल्या. ‘नऊ मुली आहेत. तुमची पण. होईल ना?’

‘होईल,’ ओळंबा म्हणाला. घरी येऊन बायकोला म्हणाला, ‘अगं, पोरगी आठवीत जाणार.’ बायको म्हणाली, ‘आधी छत तर पडू दे.’ गवंड्यांच्या भाषेत छत पडणं म्हणजे छत ओतलं जाणं. त्या घरात या बोलण्यावर कधी कोणी दचकत नसे.

मोठ्या सिस्टरांबद्दल एक गोष्ट इथेच सांगायला हवी. भाषा त्या कष्टाने शिकल्या होत्या, मुलींची भांडणंसुद्धा मराठीतच सोडवायच्या. बोलताना थोडं चुकायच्या, पण खरा दगा त्यांना आकड्यांनी दिला होता. आपण ‘पंचवीस’ म्हणतो तेव्हा पाच आधी येतात आणि वीस मागून. सिस्टर ऐकतील तसं लिहायच्या. पाच ऐकले की पाच, वीस ऐकले की पुढे दोन. झाले बावन्न. एकदा पालकसभेला पंचवीस खुर्च्या मागवायच्या होत्या, तर बावन्न खुर्च्यांची गाडी दारात उभी राहिली. मुली तोंडावर हात धरून हसल्या, फादर हसले, सिस्टर स्वतःही हसल्या. ‘तुमचे आकडे उलटे चालतात, खेकड्यासारखे,’ त्या म्हणाल्या. हसण्यावारी गेलेल्या गोष्टीची कोणी खबरदारी घेत नाही, तशी ती कोणी घेतली नाही.

आठवीच्या खोलीचा स्लॅब ओतला तो दिवस ओळंब्याच्या आयुष्यातला चांगला दिवस होता. सकाळपासून दिवे लागेपर्यंत माल चढत होता, आणि टाचणी शाळा सुटल्यावर समोरच्या दगडावर बसून बघत होती. ओला स्लॅब स्वतःचं वजन पेलत नसतो. तो आवळून येईपर्यंत खालून फळ्या आणि लाकडी टेकू लावून ठेवावे लागतात. त्यात थंडीचे दिवस, सिमेंट आळसावतं. ओळंब्याने मनाशी हिशेब धरला होता : एकवीस दिवस, एकही कमी नाही. मग इन्स्पेक्टरसाहेबांना खोली दाखवायला पुरेसे दिवस उरत होते.

तिसऱ्या दिवशी निरोप आला की थोरल्या भावाकडे राहणारी त्याची आई वारली. गाव लांब. ओळंबा अंगावरच्या कपड्यांनिशी निघाला. टाचणी पिशवी घेऊन फाटकापर्यंत आली. मोठ्या सिस्टर तिथेच होत्या. त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, आईसाठी प्रार्थना करीन म्हणाल्या.

‘सिस्टर, स्लॅबवर रोज दोनदा पाणी मारायला सांगा,’ तो म्हणाला. ‘आणि टेकू एकवीस दिवस काढायचे नाहीत. काही झालं तरी. एकवीस.’

सिस्टरांनी खिशातून वही काढून लिहून घेतलं.

‘बाबा, मी चिठ्ठी लिहून देऊ?’ टाचणीने विचारलं.

तो घाईत होता, दुःखात होता. तरी हसला. ‘दोन शब्दांना चिठ्ठी कशाला? सिस्टर काय बहिऱ्या आहेत?’

आणि तो गेला.

पुढचं सांगायला फार वेळ लागत नाही. फळ्या आणि टेकू सुताराचे होते, आणि सुताराला ते दुसऱ्या कामावर हवे होते. बाराव्या दिवशी तो सिस्टरांकडे गेला. ‘गवंड्याने किती दिवस सांगितलेत?’ सिस्टरांनी वही उघडली. वहीत एक आणि त्यापुढे दोन. ‘बारा,’ त्या म्हणाल्या. सुताराच्या भुवया जरा वर गेल्या. पण ज्याला फळ्या हव्या असतात तो जास्त विचारत नाही. ‘ओळंब्याने सांगितलंय ना, मग झालं,’ म्हणाला आणि टेकू काढून गाडीत भरले.

ओळंबा पंधराव्या दिवशी परतला. घरी न जाता आधी शाळेत गेला. दारातूनच त्याला टेकू दिसले नाहीत. मग त्याने या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोरी ताणली. छत मध्ये दोन बोटं खाली आलं होतं, आणि तुळईच्या टोकापासून एक तडा तिरका गेला होता. त्याने वर जाऊन तड्यावर तांब्याभर पाणी ओतलं आणि खाली येऊन उभा राहिला. थेंब त्याच्या हातावर पडला.

तोवर सगळे जमले होते. फादर, मोठ्या सिस्टर, सुतार, आणि दारात टाचणी. सिस्टरांची वही उघडीच होती. टाचणीने ती बघितली आणि तिच्याच लक्षात आलं. ‘सिस्टर, हे एकवीस नाही. हे बारा आहे.’

सिस्टरांनी चष्मा काढला. ‘हे माझा चूक आहे,’ त्या म्हणाल्या.

‘निरोप माझा होता, चूक माझी,’ ओळंबा म्हणाला.

‘नाही. मी लिहिले.’

‘चूक कोणाची ते देव बघून घेईल,’ फादर म्हणाले. ‘साहेब नऊ दिवसांनी येणार आहेत. छताचं काय ते बोला.’

सुताराला त्या खोलीत उभं राहवत नव्हतं, म्हणून तोच आधी बोलला. ‘अरे, एवढं काय घाबरायचं? खालून गिलावा मार, वर दोन हात पांढरा रंग दे. साहेब वर बघतो कशाला? साहेब चहा बघतो. वर्षं काढेल हे छत.’

‘ओळंब्या,’ फादरांनी विचारलं, ‘चालेल का?’

त्या खोलीत त्याच्याशिवाय कोणालाही काही कळत नव्हतं. तो ‘चालेल’ म्हणाला असता तर चाललं असतं. छत कदाचित पाच वर्षं टिकलंही असतं, कदाचित दहा. तडा लपवता येतो, हे त्याला माहीत होतं, कारण लोकांनी लपवलेले तडे उकरण्यातच त्याची उमर गेली होती. नाही म्हटलं तर आठवी नाही. साहेब पुन्हा वर्षाने येणार. आणि वर्षभर घरात बसलेली चौदा वर्षांची मुलगी पुन्हा शाळेत जाते का, हे त्याला आजूबाजूच्या घरांतून पुरतं ठाऊक होतं. त्याने दाराकडे बघितलं. टाचणी त्याच्याकडेच बघत होती. मग त्याने दुसऱ्या खिडकीकडे बघितलं. तिचं बाक तिथे येणार होतं, आणि तडा नेमका तिथूनच गेला होता.

‘पाडावं लागेल,’ तो म्हणाला.

टाचणी वळली आणि निघून गेली.

साहेब आले तेव्हा खोलीला छत नव्हतं, घण आणि पहारी होत्या. फादर म्हणाले, वर्ग चर्चमध्ये भरवू. साहेब वाईट माणूस नव्हता. पण नियमात खोली लिहिली होती, चर्च लिहिलं नव्हतं. आठवी एक वर्ष पुढे गेली.

टाचणी महिनाभर बापाशी बोलली नाही. ताट वाढायची, पाणी द्यायची, पण तोंडातून शब्द नाही. आईने समजावलं, ‘अगं, त्यांनी खरं तेच सांगितलं ना?’ तेव्हा ती फुटली.

‘खरं सांगितलं त्याचा राग नाही मला. मी लिहून देते म्हटलं तर हसले. माझ्यासाठी वर्ग बांधत होते, पण मला दोन आकडे लिहिता येतात याची त्यांना किंमत नव्हती.’

ओळंबा ओट्यावर बसला होता. त्याला सगळं ऐकू गेलं. पोरीचं खरं होतं, दोरी लावून बघायचीही गरज नव्हती. तो उठून आत आला आणि तिच्यासमोर खाली बसला.

‘मला शिकव,’ म्हणाला.

‘काय?’

‘आकडे. आणि मग अक्षरं. तुला वेळ आहे आता.’

शेवटचं वाक्य बोलू नये तेच बोलून बसला, पण त्यावरच ती हसली. हसता हसता रडली. मग कोळशाचा तुकडा घेऊन तिने चुलीमागच्या भिंतीवर एक ते नऊ काढले. घडीव चिरा एका नजरेत पारखणारा माणूस पाचाच्या आकड्यापुढे घामाघूम झाला. ‘बाबा, पाचाला पोट हवं, तुमचा पाच उपाशी आहे,’ असं ती म्हणायची. त्याची शाळा अशी सुरू झाली.

मोठ्या सिस्टरांनीही ते वर्ष बसून काढलं नाही. रोज दुपारी त्या चर्चच्या पडवीत त्या नऊ मुलींना आठवीचं शिकवू लागल्या. वर्ग म्हणायचा नाही, हजेरी घ्यायची नाही, पण शिकवायचं. पहिल्या महिन्यात नऊ आल्या. मग एकीची आई बाळंत झाली. एकीला शिंप्याकडे काजं करायला बसवलं. एकीचं लग्न ठरलं. कोणी मुद्दाम वाईट वागलं नाही, पण रिकामी दिसणारी मुलगी कोणत्याच घराला परवडत नाही. काडेपेटीतल्या काडीसारखा एकेक दिवस विझत गेला. पाच उरल्या, मग तीन. वर्षअखेरीला पडवीत दोघीच होत्या. टाचणी आणि पोस्टमनची मुलगी.

दुसरं छत ओतलं तेव्हा सिस्टरांनी वही ओळंब्याच्या हातात दिली. त्याने जीभ बाहेर काढून, पेन मुठीत धरून स्वतः तारीख घातली आणि पुढे आकडा लिहिला : २८. एकवीस पुरले असते. वरचे सात त्याने कशासाठी धरले हे कोणी विचारलं नाही, आणि सुताराने फळ्या मागितल्या नाहीत. टेकू निघाल्यावर तो दोरी लावून बघत राहिला, एक सुताचाही फरक नव्हता. साहेब आले, वर बघितलं, चहाही घेतला, आणि सही केली.

आठवी सुरू झाली त्या सकाळी ओळंबा बाहेरच्या भिंतीला गिलावा करत होता. आत नव्या अकरा मुली होत्या आणि जुन्या दोघी. सिस्टरांनी हजेरी घेतली. नव्या अकरांची नावं झाली. मग त्यांनी दुसरा कागद काढला आणि गेल्या वर्षीच्या नऊ मुलींची नावं वाचायला सुरुवात केली. एक नाव, आणि शांतता. दुसरं नाव, आणि शांतता. नाव वाचून त्या थांबायच्या, जणू मुलगी दप्तर ठेवून उठतेच आहे. पोस्टमनची मुलगी ‘हजर’ म्हणाली, टाचणी ‘हजर’ म्हणाली. बाकी सात वेळा कोणीच काही बोललं नाही. ओळंब्याची थापी प्रत्येक वेळी थांबत होती. त्याची मुलगी आत बसली होती, वर्षभर त्याने एवढंच मागितलं होतं, आणि तरी त्याला बरं वाटेना. छत पाडायला त्याने सांगितलं होतं. ते बरोबर होतं, आणि या सात जणी त्याखालीच गेल्या होत्या.

रविवारी चर्चमधली मिस्सा, म्हणजे प्रार्थना, सुटल्यावर तो टाचणीला घेऊन त्या सात दारांत गेला. प्रत्येक दारात एकच बोलणं : ‘चूक माझ्याकडून झाली होती. आता खोली पक्की आहे. मुलीला पाठवा.’

गाडीवान दाराआडूनच म्हणाला, ‘तुझी बसली ना वर्गात? मग लोकांच्या दारात कशाला?’ तो पुढच्या दारात गेला. एका घरी कुलूप होतं. एका घरी चहा मिळाला, सहानुभूती मिळाली, मुलगी मिळाली नाही. शिंप्याकडे बसणारीने मान वर केली, टाचणीकडे बघितलं आणि पुन्हा काजावर वाकली. लग्न झालेलीच्या आईने सांगितलं, ‘आता तिच्या सासूला विचारा.’ सहाव्या दारातून परतताना टाचणी म्हणाली, ‘बाबा, पुरे आता.’ तो म्हणाला, ‘एक राहिलंय.’

सातवं दार बेकरीवाल्याचं. त्याची थोरली मुलगी सातवीत पहिली आली होती, टाचणीच्याही पुढे. ती भट्टीमागे परातीत पीठ मळत होती, कोपरापर्यंत पांढरी. तिने ओळंब्याचं बोलणं सगळं ऐकून घेतलं.

‘काका, छत आता पक्कं आहे?’ तिने विचारलं.

त्यात टोमणा नव्हता, ती खरंच विचारत होती. ओळंब्याने तिला सगळं सांगितलं. किती सळया घातल्या, किती दिवस पाणी मारलं, अठ्ठावीस दिवस टेकू ठेवले, दोरी लावली तेव्हा काय दिसलं. ती मळता मळता ऐकत होती, मध्येच एखादा प्रश्न विचारत होती, आणि प्रश्न बरोबर होते.

‘मग धाकटीला न्या,’ ती म्हणाली. ‘तीही सातवी झालीय यंदा. बाबा म्हणतात, त्या पडक्या छताखाली पोर पाठवायची नाही. मी सांगते त्यांना.’

‘आणि तू?’

‘मी आले तर पीठ कोण मळणार?’ ती म्हणाली, जसं काही त्याने भलतंच विचारलं होतं.

तिने हात धुतले, फडक्याला पुसले, आणि आतून पुस्तकांचा गठ्ठा आणला. गेल्या वर्षी सिस्टरांनी आठवीची पुस्तकं आधीच वाटली होती. तिने सगळ्यांना खाकी कव्हरं घातली होती, कोपरे दुमडून, नीट. एकाही पुस्तकाचा कणा मोडलेला नव्हता. प्रत्येकावर ठळक अक्षरात तिचं नाव होतं. टाचणीकडून तिने पेन्सिल मागून घेतली आणि पहिल्या पुस्तकावरच्या स्वतःच्या नावावर एक सरळ रेघ ओढली, फार जोराने नाही, आणि खाली धाकटीचं नाव लिहिलं. मग दुसऱ्या पुस्तकावर. मग तिसऱ्या. धाकटी दारात उभी राहून पायाने जमीन उकरत होती.

सगळी झाल्यावर तिने वरचं पुस्तक ओळंब्यापुढे धरलं. त्याला वाचता येत नाही, किंवा आता येऊ लागलंय, हे तिला माहीत असायचं काही कारण नव्हतं.

‘बघा काका, नीट लिहिलंय ना?’

त्याने पुस्तक उजेडाकडे धरलं. एकेक अक्षर बोटाने पुढे सरकत त्याने खालचं नाव वाचलं. मग वरचं, रेघ ओढलेलं, तेही त्याला वाचता आलं.

‘नीट लिहिलंयस,’ तो म्हणाला. मग धाकटीला म्हणाला, ‘उद्या सकाळी ये. दुसऱ्या खिडकीपाशी बस.’